कागद उघडतो, पण केव्हा?

१४ डिसेंबर २०२१ रोजी जागतिक व्यापार संघटनेच्या एका पॅनेलचा अहवाल जिनिव्हात प्रसृत झाला. महाराष्ट्रात तेव्हा गाळप हंगाम ऐन भरात होता. ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमाला या तीन देशांनी भारताच्या साखर धोरणाविरुद्ध केलेल्या तक्रारींवरचा तो निकाल. २०१४-१५ ते २०१८-१९ या पाच हंगामांत भारताने ऊस उत्पादकांना दिलेला आधार परवानगीच्या मर्यादेबाहेर, म्हणजे उसाच्या एकूण उत्पादनमूल्याच्या १० टक्क्यांच्या वर गेला, आणि साखर निर्यातीला दिलेलं अर्थसाह्यही नियमांत बसत नाही, असं पॅनेलने म्हटलं. बातम्यांचा भर यावर होता. त्याच अहवालात आणखी एक निष्कर्ष आहे. १९९५-९६च्या हंगामानंतर भारताने उसाला दिलेल्या आधाराची माहिती संघटनेच्या शेती समितीला कळवलेलीच नव्हती.

जिच्यावरून दर हंगामाच्या तोंडावर जयसिंगपूरला ऊस परिषद भरते, वाहतूक अडते, ट्रॅक्टरच्या टायरांतली हवा सोडली जाते, ती एफआरपी, म्हणजे सरकारने बांधून दिलेला उसाचा किमान दर, जिनिव्हाच्या दप्तरात जवळपास पाव शतक कोरी होती. भारताचा बचाव असा की एफआरपी कारखाना देतो, सरकारी तिजोरीतून त्यासाठी पैसा जात नाही, तेव्हा तो सरकारी आधार नव्हेच. पॅनेलला हे पटलं नाही. दर सरकारने ठरवून दिला आणि तो बंधनकारक केला की पुरे, पैसे कोणाच्या खिशातून गेले याने फरक पडत नाही, असं त्यांनी ठरवलं. कोणाचं बरोबर, यावर वाद घालता येईल. मला त्याहून मोलाची वाटते ती एक विसंगती. एफआरपी वाढली की देशात प्रत्येक केंद्र सरकार ती आपली देणगी म्हणून जाहीर करतं, आणि तीच एफआरपी ‘आमची नाही’ असं आपले वकील जिनिव्हात सांगतात. दोन्ही विधानं जाहीर आहेत. फक्त ती एकाच वाचकाच्या हाती एकाच वेळी पडत नाहीत. आंतरराष्ट्रीय व्यापाराची कागदपत्रं लोकांना का मिळावीत, या प्रश्नाला पारदर्शकतेच्या गोड गोष्टी सांगण्यापेक्षा हे उत्तर मला जास्त पटतं. सरकार परदेशात आपल्याविषयी काय बोलतं, हे आपल्याला कळायला हवं.

या संघटनेची गुप्ततेची सवय जुनी आहे. तिचा पूर्वज असलेल्या ‘गॅट’ कराराचं दहावं कलम सांगतं की व्यापारावर परिणाम करणारे कायदे, नियम, न्यायनिवाडे सदस्य देशांनी तत्परतेने प्रसिद्ध करावेत, म्हणजे व्यापाऱ्यांना आणि इतर सरकारांना ते माहीत होतील. सदस्यांना १९४७ सालीच असा दंडक घालणारी ही व्यवस्था स्वतःची कागदपत्रं मात्र ‘रिस्ट्रिक्टेड’ असा शिक्का मारून ठेवत असे. वाटाघाटी हे मुत्सद्द्यांचं काम, जकातीचे आकडे हा त्यांचा हुकमाचा पत्ता, तो आधी दाखवायचा नसतो, ही त्यामागची समजूत. करार फक्त जकातीपुरता होता तोवर हे चालून गेलं. गॅटच्या वाटाघाटींच्या उरुग्वे फेरीने बियाणं, औषधं, पेटंट, हमीभाव, बँका, विमा असं सगळं त्या खोलीत आणलं आणि खोलीचं दार होतं तसंच बंद राहिलं.

त्याचा परिणाम महाराष्ट्राने जवळून पाहिला आहे. २० डिसेंबर १९९१ला गॅटचे महासंचालक आर्थर डंकेल यांनी मांडलेला या फेरीच्या कराराचा मसुदा आपल्याकडे गावोगाव ‘डंकेल’ या एकाच शब्दाने पोचला. शेतकऱ्याला स्वतःचं बियाणं राखता येणार नाही इथपासून सार्वभौमत्व गहाण पडलं इथपर्यंत सगळं त्या शब्दात कोंबलं गेलं. कर्नाटकात प्रा. नंजुंडस्वामींच्या रयत संघाने त्याविरुद्ध रान उठवलं. इकडे शरद जोशींची शेतकरी संघटना उलट बाजूला, खुल्या व्यापाराच्या बाजूने उभी राहिली. मूळ मजकूर वाचलेली माणसं दोन्हीकडे थोडी आणि ऐकीव माहितीवर हिरिरीने भांडणारी पुष्कळ, असा तो काळ होता. पण त्या गदारोळात एक कागद वेगळं काम करून गेला. उरुग्वे फेरीसाठी भारत सरकारने १९८६ ते १९८८ हा पाया धरून शेतीच्या आधाराचा हिशेब दिला, आणि त्यात बहुतेक पिकांचा आधार शून्याखाली निघाला. म्हणजे देशातला भाव जागतिक भावापेक्षा कमी, आणि तो तसा ठेवण्यामागे सरकारी धोरण. ‘उणे सबसिडी’ ही गोष्ट जोशी किती तरी आधीपासून सांगत होते. आता त्यांच्या हातात सरकारचाच आकडा आला. शेतकऱ्याला लुटलं जातं हे दिल्लीने दिल्लीत कधी कबूल केलं नव्हतं. जिनिव्हात तिने ते आकड्यांत लिहून दिलं, कारण तिथे तसं लिहिणं सोयीचं होतं.

जोशींच्या सगळ्या निष्कर्षांशी सहमत नसणाऱ्यानेही, आणि मी त्यांतलाच, हे उदाहरण लक्षात ठेवावं. परराष्ट्राच्या टेबलावर ठेवलेला हिशेब घरच्या वादात निर्णायक ठरू शकतो.

१९९५ साली जागतिक व्यापार संघटना स्थापन झाली. १८ जुलै १९९६ला तिच्या जनरल कौन्सिलने कागदपत्रं खुली करण्याचा पहिला ठराव केला. तत्त्व चांगलं होतं, पण त्याला इतके अपवाद जोडले होते की महत्त्वाचा कागद बाहेर यायला सरासरी आठ-नऊ महिने लागत. १९९९च्या अखेरीस सिएटलच्या रस्त्यांवर संघटनेविरुद्ध जी निदर्शनं झाली त्यानंतर हे टिकणं कठीण होतं. १४ मे २००२च्या नव्या ठरावाने नियम उलटा केला. कागद मुळात खुला, बंद ठेवायचा असेल तर कारण हवं. बैठकांची इतिवृत्तं वाटल्यानंतर ४५ दिवसांनी आपोआप खुली होतात. एखाद्या देशाने आपला प्रस्ताव बंद ठेवायला सांगितला तर तो संबंधित समितीत पहिल्यांदा चर्चेला येईपर्यंत किंवा ६० दिवस, यांपैकी जे आधी होईल तोवर बंद राहतो. त्या देशाची इच्छा असेल तर मुदत पुढे वाढते. पुढे २००६मध्ये गॅटच्या काळातल्या जुन्या दप्तरांवरचे शिक्केही काढले गेले. महाराष्ट्राने आपला माहिती अधिकार कायदा केला तोही २००२ सालीच. त्यात कार्यकारणभाव काही नाही, पण त्या वर्षी हवेत काहीतरी होतं खरं.

आज संघटनेच्या संकेतस्थळावर लाखो पानं कोणालाही फुकट वाचता येतात. जिनिव्हात सगळं लपवलेलं असतं, हा जो आपल्याकडचा लाडका समज आहे, तो आता सोडून द्यायला हवा. अनेक देशांच्या मंत्रालयांपेक्षा, आणि आपल्या मंत्रालयापेक्षा तर नक्कीच, ही संस्था उघडी आहे. माझी तक्रार वेगळी आहे. ठरावाने जे उघडलं ते झालेल्या कामाचं दप्तर. जे अजून व्हायचं आहे, ते दुसऱ्या कप्प्यात असतं.

त्या कप्प्यातल्या कागदांवर ‘जॉब’ किंवा ‘आरडी’ अशी अक्षरं असतात. आरडी म्हणजे रूम डॉक्युमेंट, खोलीत वाटलेला कागद. अध्यक्षांनी चाचपणीसाठी लिहिलेला मसुदा, दोन-चार देशांनी अनौपचारिक फिरवलेला मजकूर, कंसात ठेवलेले पर्याय. खरी घासाघीस यावर होते. अधिकृत मालिकेतला स्वच्छ टंकलेला कागद बाहेर येतो तोवर निम्मे कंस गळून गेलेले असतात. अशा कागदांतले बरेच सदस्यांपुरतेच राहतात, आणि बाहेर येतातच तर फुटून येतात.

कोविडच्या काळातलं उदाहरण ताजं आहे. २ ऑक्टोबर २०२०ला भारत आणि दक्षिण आफ्रिकेने लसी, औषधं आणि उपकरणांवरच्या बौद्धिक संपदेचे नियम तात्पुरते स्थगित करण्याचा प्रस्ताव दिला. तो पहिल्यापासून जाहीर होता, आणि तो जाहीरपणाच त्याची ताकद ठरला. जगभरच्या डॉक्टरांनी, कायदेपंडितांनी, माजी राष्ट्रप्रमुखांनी तो वाचून पाठिंबा दिला, अमेरिकेला भूमिका बदलावी लागली. मग भारत, दक्षिण आफ्रिका, अमेरिका आणि युरोपीय संघ अशा चौघांची बंद दाराआड चर्चा सुरू झाली. तिच्यातून काय निघालं हे लोकांना कळलं ते मार्च २०२२मध्ये मसुदा फुटला तेव्हा. मूळ मागणीतलं बरंचसं त्यात उरलं नव्हतं. निदान आणि उपचार बाजूला पडून लसीच राहिल्या होत्या. जूनमध्ये मंत्रिपरिषदेने मान्य केलेला निर्णय त्याच वळणाचा होता. ज्या कागदाने लोक गोळा केले तो सर्वांचा होता, ज्या कागदाने सौदा झाला तो चौघांचा. मागे राहिलेल्या पाठीराख्यांना आपण कोणत्या आठवड्यात हरलो हे कळण्याची सोयही नव्हती.

यावरचा आक्षेप मला माहीत आहे आणि तो हलका नाही. घासाघीस उघड्यावर होत नाही. प्रत्येक कंस वर्तमानपत्रात छापला गेला तर कोणताही मंत्री माघार घेऊ शकणार नाही, कारण त्याची प्रत्येक माघार घरी पराभव म्हणून वाचली जाईल. यात तथ्य आहे. म्हणून प्रत्येक फोन, प्रत्येक टिपण खुलं करा असं मी म्हणत नाही. पण गुप्ततेचा हा युक्तिवाद समसमान पडत नाही, हे त्याचे पुरस्कर्ते सांगत नाहीत. बंद मसुदा वॉशिंग्टनमध्ये उद्योगांच्या मान्यताप्राप्त सल्लागार समित्यांना कायदेशीररीत्या पाहता येतो, तशी तरतूद अमेरिकेच्या व्यापारविषयक कायद्यात १९७४पासून आहे. म्हणजे गुप्तता असते ती पाहणाऱ्यांच्या यादीपुरती. औषध कंपनीचा प्रतिनिधी त्या यादीत असतो, यवतमाळचा कापूस उत्पादक नसतो.

आता भारताच्या वागण्याकडे वळू. आपली भूमिका इथे दुहेरी आहे आणि दोन्ही टोकं समजून घेण्यासारखी आहेत. ‘ग्रीन रूम’ बैठकांना, म्हणजे निवडक वीस-तीस देशांना बोलावून सौदा ठरवायचा आणि तो इतरांपुढे टाकायचा या रिवाजाला, विकसनशील देश सतत विरोध करत आले. भारत आज स्वतः त्या खोलीत असतो. तरीही सर्व सदस्यांना सर्व कळलं पाहिजे, हे तो आग्रहाने मांडतो. मात्र दार सदस्यांपलीकडे, नागरिकांसाठी उघडायची वेळ आली की तो मागे सरतो. २००० साली अॅस्बेस्टॉसच्या तंट्यात अपील मंडळाने बाहेरच्या संस्थांकडून निवेदनं मागवण्याची पद्धत जाहीर केली, तेव्हा २२ नोव्हेंबरला जनरल कौन्सिलची खास बैठक बोलावली गेली. अमेरिका सोडली तर मंडळाच्या बाजूने बोलणारं कोणी जवळपास नव्हतं, आणि विरोध करणाऱ्यांत भारत ठळक होता. आलेले अर्ज मंडळाने सगळे फेटाळले. सुनावण्या लोकांना पाहू देण्याचं लोण २००५ साली हार्मोन दिलेल्या गोमांसाच्या तंट्यापासून आलं, त्यातही आपण नाराजच.

२०००मधली भारताची भीती खोटी नव्हती. निवेदनं लिहायला पैसा, वकील आणि इंग्रजी लागतं, ते श्रीमंत देशांतल्या संस्थांकडे होतं. तंट्यात तिसरा पक्ष नसलेल्या एखाद्या गरीब सदस्य देशाला जे बोलता आलं नसतं ते बोस्टनच्या एखाद्या संस्थेला बोलता आलं असतं. तेव्हाचा विरोध मी चुकीचा मानत नाही. पण दुसऱ्याला आत येऊ न देणं वेगळं आणि आपलंच म्हणणं आपल्याच लोकांपासून दूर ठेवणं वेगळं. तंटा निवारणाच्या नियमांचं कलम १८.२ एका बाजूला निवेदनं गोपनीय ठरवतं आणि लगेच पुढे म्हणतं की कोणताही पक्ष आपली स्वतःची भूमिका जाहीर करू शकतो. ऑस्ट्रेलिया, अमेरिका, युरोपीय संघ याचा फायदा घेऊन आपली निवेदनं आपल्या संकेतस्थळांवर ठेवतात. भारताची तशी रीत नाही. क्वीन्सलँडमधल्या ऊसवाल्याने आपलं सरकार काय मांडतं हे वाचायचं ठरवलं तर त्याला वाट असते. सांगलीच्या ऊसवाल्याला आपल्या सरकारचा युक्तिवाद गाठायचा तर अंतिम अहवालाच्या परिशिष्टात जावं लागतं, म्हणजे निकाल लागून गेल्यावर.

आकड्यांची गोष्ट अशीच. मे २०१८मध्ये अमेरिकेने एक प्रति-अधिसूचना दाखल केली. दुसऱ्या देशाने दिलेली माहिती अपुरी आहे असं वाटलं तर कोणीही सदस्य स्वतः हिशेब मांडून देऊ शकतो, तिला हे नाव. अमेरिकेच्या हिशेबाने भारताचा गव्हाला दिलेला आधार उत्पादनमूल्याच्या ६० टक्क्यांहून आणि तांदळाला दिलेला ७० टक्क्यांहून अधिक होता, मर्यादा १० टक्क्यांची. भारताच्या स्वतःच्या अधिसूचनेत आकडा मर्यादेच्या आत. एकच हमीभाव, एकच गहू. फरक पडला तो कशाने? भारत डॉलरमध्ये मोजतो, अमेरिकेने रुपयांत मोजलं. भारत प्रत्यक्ष खरेदी झालेलं धान्य धरतो, अमेरिकेने सगळं पीक धरलं. आणि दोघांनीही तुलनेला घेतलेला जागतिक भाव १९८६-८८चा, कारण करारात तोच गोठवलेला आहे. त्याच वर्षी नोव्हेंबरात असाच कागद कापसावर आला. हमीभावाला कायद्याचा आधार द्यावा ही मागणीही घेऊन आपल्याकडे नंतर वर्षभर रस्त्यावर आंदोलन झालं. प्रचंड वाद, भरपूर शाई. त्यात या कागदांचा अभ्यास किती दिसला? कायदेशीर हमी दिली की ‘प्रत्यक्ष खरेदी’ हा आपला बचाव कमकुवत होतो का, हा प्रश्न दोन्ही बाजूंना अडचणीचा होता आणि म्हणूनच विचारायला हवा होता. कागद खुले होते. वाचणारे दिल्लीतल्या दोन-तीन संस्थांपुरते उरले.

इथे दोष जिनिव्हावर टाकता येत नाही. संघटनेच्या तीन अधिकृत भाषा आहेत, इंग्रजी, फ्रेंच आणि स्पॅनिश, आणि तिने मराठीत यावं अशी अपेक्षा कोणी करणार नाही. ती जबाबदारी घरची. आपल्या राज्यघटनेत एक मजेदार योगायोग आहे. परदेशांशी करार करणं ही केंद्राच्या यादीतली १४वी नोंद, आणि शेती ही राज्याच्या यादीतली १४वी नोंद. करार करणाऱ्याला शेती चालवायची नाही आणि शेती चालवणाऱ्याला करारात बोलायचं नाही. भर म्हणजे आपल्याकडे करार संसदेने मंजूर करावा लागत नाही, मंत्रिमंडळाची मान्यता पुरते. एप्रिल १९९४मध्ये माराकेशला उरुग्वे फेरीच्या करारावर सही झाली तेव्हा संसदेत गदारोळ झाला, मतदान व्हायचं कारणच नव्हतं. राज्यांच्या विधानसभा तर चित्रातच नव्हत्या. माहिती अधिकाराचा अर्ज टाकावा तर कलम ८ समोर उभं. परकी राष्ट्राशी संबंध, देशाचं आर्थिक हित, परकी सरकारकडून विश्वासाने मिळालेली माहिती. या तिन्ही सबबी ठरावीक वेळी खऱ्याही असतात. पण आपणच जिनिव्हाला पाठवलेल्या अधिसूचनेचा कच्चा हिशेब यांतल्या कशातच बसत नाही. त्यात आपल्या राज्यांच्या योजना, आपले दर, आपली खरेदी असते, परक्याचं काही नसतं. तो पाठवण्याआधी महिनाभर प्रसिद्ध करून राज्यांचं म्हणणं मागवायला कोणता अडथळा आहे? उसाच्या बाबतीत तसं झालं असतं तर पंचवीस वर्षं काहीच कळवायचं नाही हा निर्णय तरी कोणीतरी उघडपणे घेतला असता, आणि त्याचे परिणाम कोणीतरी उघडपणे सांगितले असते.

खुला कागद वेळेत मिळाला तर काय होतं, याची एक छोटी व्यवस्था चालू आहे आणि ती बघण्यासारखी आहे. एखादा देश अन्नातील कीटकनाशकांच्या अंशांची मर्यादा किंवा वनस्पती आरोग्याचे नियम बदलणार असेल तर त्याने मसुदा आधी कळवायचा आणि साधारण ६० दिवस हरकतींसाठी ठेवायचे, असा संघटनेचा शिरस्ता आहे. ‘ईपिंग’ नावाच्या सोयीवर नाव नोंदवलं तर आपल्या मालाशी संबंधित सूचना ईमेलवर येतात, शेतकऱ्यालासुद्धा. २०१०मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइडच्या अंशांवरून युरोपने आपली द्राक्षं अडवली तेव्हा नाशिकच्या बागाईतदारांचं काय झालं हे तिकडे अजून सांगितलं जातं. त्यानंतर द्राक्षवाले अशा नियमांकडे डोळ्यांत तेल घालून बघायला शिकले. सगळे नियम बदलवता येतात असं नाही, पण फवारणीचं वेळापत्रक बदलता येतं, आणि त्यासाठी दोन महिने ही मोठी मुदत आहे.

अशीच मुदत सध्या कोकणाला एका मोठ्या विषयात मिळाली आहे. मासेमारीच्या अनुदानांवरच्या कराराचा पहिला भाग १५ सप्टेंबर २०२५पासून लागू झाला. तो मुख्यतः बेकायदा मासेमारी आणि अतिमासेमारी झालेल्या साठ्यांबद्दल आहे. दुसरा भाग बोटींच्या गरजेपेक्षा वाढत्या ताफ्याला, म्हणजे अतिरिक्त क्षमतेला, दिल्या जाणाऱ्या अनुदानांचा, आणि तो अजून ठरलेला नाही. त्याच्या मसुद्यात इंधनाच्या खर्चाला दिलेली मदत संशयाच्या यादीत आहे. महाराष्ट्र सरकार मच्छीमार संस्थांच्या बोटींना डिझेलवरच्या मूल्यवर्धित कराचा परतावा देतं. तो वेळेवर मिळत नाही ही रत्नागिरीपासून वसईपर्यंतची कायमची तक्रार. भारताने २५ वर्षांची सवलत मागितली आहे. किनाऱ्यालगतच्या लहान मासेमारीला वेगळी वागणूक मिळावी यावरही बोलणी चालू आहेत. ती रेषा १२ सागरी मैलांवर पडली तर कोणत्या बोटी आत राहतील, पर्सिनेटवाले बाहेर जातील का, ट्रॉलरचा परतावा कोणत्या रकान्यात मोडेल, याचं उत्तर मंत्रालयातल्या मत्स्यव्यवसाय विभागाकडे असायला हवं, आणि जिनिव्हाला जाणाऱ्या पथकाकडे ते त्याच विभागाकडून पोचायला हवं. हा मसुदा बंद नाही. कोणीही तो आज उतरवून घेऊ शकतं, आणि त्यातले कंस अजून गळलेले नाहीत.